मुलाचं नाव ‘पांडुरंग’ ठेवावं का? या नावाचा उगम काय, आणि लोकांच्या मनात त्याची प्रतिमा कशी आहे?

तुम्ही लिहिलंय की बाळ आषाढी एकादशीच्या आदल्या रात्री झालं. पणजोबांचं नाव पांडुरंग होतं आणि ते पुढं चालावं अशी तुमच्या आईची फार इच्छा आहे. मित्र मात्र ‘शाळेत त्याला पांडू हवालदार म्हणतील’ असं सांगून तुम्हाला घाबरवतायत. माझं स्वतःचं नाव पांडुरंग आहे. बावन्न वर्षं ते घेऊन वावरतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी अर्थ. संस्कृतात पांडु, पांडुर म्हणजे पांढरट, फिकट. महाभारतातला पांडू राजा त्यातलाच आणि वैद्यांचा पांडुरोगही त्यातलाच. म्हणजे सरळ अर्थ घेतला तर पांडुरंग हा गोऱ्या वर्णाचा. पण पंढरपुरात विटेवर उभी असलेली मूर्ती तर काळी आहे! लहानपणी मी हे आजोबांना विचारलं होतं. त्यांनी कीर्तनात ऐकलेली गोष्ट सांगितली: गाईंच्या खुरांनी उडालेली धूळ अंगावर बसून सावळा कृष्ण पांढरा झाला आणि तसाच, अंग न धुता, पुंडलिकाच्या दारात येऊन उभा राहिला. पुढं बरंच वाचलं, पण मनाला पटलेलं उत्तर अजून हेच आहे.

अभ्यासकांचं म्हणणं वेगळं. पंढरपूरचं जुनं नाव कानडी वळणाचं, ‘पंडरगे’. होयसळ राजा सोमेश्वराच्या १२३७ सालच्या पंढरपूरच्या शिलालेखात ते आलंय. त्यामुळं देवाचं नाव गावावरून पडलं आणि मग कुणीतरी त्याला पांडुरंग असं संस्कृत रूप दिलं, असं बऱ्याच जणांचं मत आहे. आणखी एक धागा शिवाकडं जातो. हेमचंद्राच्या बाराव्या शतकातल्या देशी शब्दांच्या कोशात ‘पंडरंग’ म्हणजे रुद्र असा अर्थ दिलाय. अंगभर भस्म फासलेला शंकर पांढराच दिसणार. विठ्ठलाच्या मस्तकावर शिवलिंग आहे असं वारकरी मानतात, ते या धाग्याला धरूनच वाटतं.

आणि हे तर मला फार उशिरा कळलं: व्हिएतनामच्या दक्षिण किनाऱ्यावर चाम लोकांचं ‘पांडुरंग’ नावाचं राज्य होतं. शिवाची देवळं बांधणारे हे लोक. त्यांचं राज्य क्षीण होत होत १८३२ पर्यंत टिकलं. तिथलं आजचं फान रांग हे शहर म्हणजे त्याच नावाचं झिजलेलं रूप. त्या नावाचा आपल्या पंढरीशी थेट संबंध आहे असं मी म्हणत नाही, पण नकाशावर ते पाहिलं तेव्हा अंगावर काटा आला होता. नाव फक्त मराठी मुलखाचंही नाही. कर्नाटकात आणि आंध्रात घरोघर पांडुरंग सापडतात, तेनाली रामकृष्णानं तेलुगूत ‘पांडुरंग माहात्म्यमु’ हे काव्य रचलंय.

आता लोकांच्या मनातल्या प्रतिमेबद्दल. तुमच्या मित्रांची भीती खोटी नाही. १९७५ साली दादा कोंडक्यांचा ‘पांडू हवालदार’ आला आणि तुफान चालला. तेव्हापासून मुंबईत तर पोलीस शिपायाला ‘पांडू’ म्हणायची रीतच पडली. माझा जन्म त्याच्या थोडा आधीचा, म्हणजे शाळेत नाव घातलं तेव्हा हा चित्रपट लोकांच्या तोंडी होता. कॉलेजात मी वर्गात शिरलो की मागच्या बाकावरून कुणीतरी तोंडानं शिट्टी फुंकायचं. मला ते लागायचं, हे मी लपवत नाही. नोकरीला लागल्यावर मी सहीसुद्धा ‘पी. डी.’ अशी करू लागलो आणि दहा-बारा वर्षं ऑफिसात कुणाला माझं पूर्ण नाव ठाऊक नव्हतं.

या नावाचं दुखणं नेमकं इथंच आहे, असं मला वाटतं. मोठे झालेले पांडुरंग सगळे दुसऱ्याच नावामागं झाकले गेले. साने गुरुजींचं नाव पांडुरंग सदाशिव साने, हे आपण शाळेत पाठ करतो आणि विसरतो. मुळशीच्या सत्याग्रहाचे सेनापती बापट म्हणजे पांडुरंग महादेव बापट. स्वाध्याय परिवाराचे ‘दादा’ म्हणजे पांडुरंगशास्त्री आठवले. धर्मशास्त्राचा इतिहास पाच खंडांत लिहून १९६३ साली भारतरत्न मिळवणारे काणे पुस्तकांवर ‘पां. वा.’ एवढेच उरतात. गोव्याच्या इतिहासाची पोर्तुगीज कागदपत्रं उलगडणारे पिसुर्लेकर ‘पां. स.’ झाले. वर्ध्यात जन्मलेले क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे मेक्सिकोत जाऊन मोठे शेतीतज्ज्ञ झाले, त्यांची तर आपल्याकडं आठवणच कमी. एवढी माणसं आद्याक्षरांत आणि उपाध्यांत गेली, आणि पूर्ण नावानिशी लोकांसमोर उभा राहिला तो एकटा हवालदार.

याच्या उलटही एक उदाहरण आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबईत तर्खडकरांच्या घरातले तीन भाऊ गाजले. मराठीचं व्याकरण लिहिणारे दादोबा, १८६७ साली प्रार्थना समाज स्थापन करणाऱ्यांतले डॉक्टर आत्माराम, आणि इंग्रजी राज्यावर सडेतोड पत्रं लिहिणारे भास्कर. तिघंही आडनाव बाजूला ठेवून दादोबा पांडुरंग, आत्माराम पांडुरंग, भास्कर पांडुरंग अशीच ओळख सांगत. बापाचं नाव हेच त्यांचं आडनाव झालं होतं.

साने गुरुजींचं एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. मे १९४७ मध्ये पंढरपूरचं देऊळ अस्पृश्य मानलेल्यांना खुलं व्हावं म्हणून त्यांनी प्राणांतिक उपोषण केलं आणि देऊळ खुलं झालं. पांडुरंगाचं दार सगळ्यांना उघडावं म्हणून पांडुरंग नावाचाच माणूस उपाशी बसला होता. तुमचा मुलगा कळता झाला की त्याला हे जरूर सांगा. ‘तुझं नाव असलं कसलं’ असं कुणी विचारलं तर त्याच्याजवळ हे असू दे.

घरातली गोष्ट सांगतो. मला आजोबांचंच नाव ठेवलेलं. आमची आजी जुन्या वळणाची, नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायची नाही. संध्याकाळी देवापुढं ‘युगे अठ्ठावीस’ म्हणताना ‘जय देव जय देव जय’ इथवर तिचा आवाज खणखणीत यायचा आणि पुढच्या शब्दाला ती थांबायची. टाळ चालू, ओठ मिटलेले. मग ‘रखुमाई वल्लभा’ला पुन्हा आवाज. आम्ही पोरं त्या रिकाम्या जागेत मोठ्यानं ‘पांडुरंगा!’ ओरडायचो आणि ती गालात हसायची. आजोबा गेल्यानंतरच्या पहिल्या आषाढीलाही ती त्या शब्दाला तशीच थांबली. त्या दिवशी आमच्यापैकी कुणी ओरडलं नाही, आरती तेवढी मोकळी जागा ठेवून पुढं गेली. सासऱ्याचं नाव म्हणून आईही मला पांडुरंग म्हणायची नाही. आजी ‘विठू’ म्हणायची, आई ‘आबा’. जुन्या घरांत इतके आबा, बापू, तात्या, नाना सापडतात त्यामागं हेही एक कारण आहे.

‘पी. डी.’ सुटलं ते पासपोर्टच्या वेळी. चौकशीला घरी आलेले हवालदार कागद पाहता पाहता थांबले. मला वाटलं, आता काहीतरी बोलणार. तर म्हणाले, “माझ्या आज्याचं नाव हे. आता कोण ठेवीत नाही.” मग त्यांच्या वहीत माझं नाव एकेक अक्षर दाबून, सावकाश लिहिलं. त्यांना रस्त्यावर दिवसभर लोक कुठल्या नावानं हाक मारत असतील ते दोघांनाही माहीत होतं. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात दाराची पाटी बदलून घेतली.

तर माझं मत: ठेवा. आजच्या बालवाडीतल्या पोरांनी तो चित्रपट पाहिलेला नाही. माझ्या भाच्याच्या वर्गात एक पांडुरंग आहे, त्याला पोरं ‘पांडा’ म्हणतात आणि तो खूश असतो. हसतात ते आपल्या वयाचे काका-मामा.

एक गोष्ट मात्र आधीच ठरवा. पांडुरंग हे लांब नाव आहे, रोजच्या हाकेत ते आखूड होणारच. पांडबा, पांडोबा, मालवणीत पांडगो, अशी त्याची किती तरी रूपं आहेत. घरातली हाक तुम्ही दिली नाही तर गल्ली देईल. पंढरी, रंगा, विठू, जे तुमच्या तोंडात बसेल ते पहिल्या दिवसापासून वापरा. आणि जन्मदाखल्यावर, आधारवर, शाळेच्या दाखल्यावर इंग्रजी स्पेलिंग एकच ठेवा. माझ्या एका कागदावर शेवटी ‘ए’ जास्तीचा पडला होता, तो काढायला मला तीन प्रतिज्ञापत्रं करावी लागली.

बारशाला आत्या बाळाच्या कानात नाव सांगेल तेव्हा तिला म्हणावं, पांडू नको, सबंध पांडुरंग सांग.