हिरव्या चौकोनातला चिखल: वाचकांचे प्रश्न

या वेळी किनाऱ्याबद्दलचे प्रश्न बरेच आलेत, आणि त्यातले निम्मे नकाशांवरून. सगळे घेता येत नाहीत, चार निवडलेत.

प्रश्न: मी पर्यावरणशास्त्रात एमएस्सी करतेय. सॅटेलाइट इमेजवरून किनारपट्टीचा रिस्क मॅप केलाय, एकेक किलोमीटरचे चौकोन पाडून. पण घोळ असा झालाय की खाडीच्या तोंडाशी जो मोठा चिखलाचा पट्टा आहे तो 'कमी धोका' म्हणून हिरवा आलाय, आणि नेमका तिथेच बांध घालून भराव टाकायचा प्लॅन आहे. माझं गणित चुकलंय का?

उत्तर: गणित नाही हो चुकलं, तुम्ही त्याला जे विचारलं तेच त्याने सांगितलं. तुमचा नकाशा ज्या इंडेक्सवरून, म्हणजे प्रत्येक चौकोनाला दिलेल्या धोक्याच्या आकड्यावरून, रंगलाय त्यात असतं काय, तर चौकोनात जमिनीचे कोणते प्रकार किती आहेत, त्यांचे किती तुकडे पडलेत, तुकडे एकमेकांपासून किती लांब आहेत, आणि मग त्याला प्रत्येक प्रकाराच्या नाजूकपणाचा एक आकडा गुणायचा, जो तज्ज्ञांना विचारून ठरवलेला असतो, म्हणजे खरं सांगायचं तर बरेचदा आधीच्या कुणाच्या तरी पेपरमधून उचललेला असतो. तुमचा चिखल एकसंध आहे, म्हणून हिरवा. झालेली मोडतोड इंडेक्सला दिसते, होऊ घातलेली दिसत नाही. धोका म्हटलं की तीन गोष्टी हव्यात: काय येऊन आदळणार, त्याच्या वाटेत काय आहे, आणि जे आहे ते किती सोसेल. यातली पहिलीच तुमच्या नकाशात नाहीये. भरावाचे प्रस्ताव, नवे रस्ते, ड्रेजिंग म्हणजे तळ उकरून गाळ काढणं, वरच्या धरणांमुळे कमी झालेला गाळ, हे सगळं वेगळ्या लेयरवर टाका आणि मग बघा तो चौकोन हिरवा राहतो का.

दुसरं एक विचारते, रागावू नका. इमेज घेतली तेव्हा भरती होती की ओहोटी? असा सॅटेलाइट एका जागेवरून जेव्हा जेव्हा जातो तेव्हा साधारण ठरल्या वेळीच जातो पण भरती काही त्याच्या घड्याळाने येत नाही, त्यामुळे एका इमेजमध्ये तोच पट्टा जमीन दिसतो आणि दुसरीत चक्क पाणी. १९९० ची इमेज उधाणाच्या ओहोटीची आणि २०२० ची भरतीची निघाली तर 'तीस वर्षांत चिखल गायब' असा भलताच निष्कर्ष निघतो, आणि हे चांगल्या चांगल्या लोकांकडून होतं. दोन्ही इमेजच्या वेळेची भरतीची पातळी टाइड टेबलमधून, म्हणजे भरती-ओहोटीच्या तक्त्यातून, काढा, जवळपास सारखी असेल तरच तुलना करा. आणि चौकोन पाचशे मीटरचे करून बघा, मग दोन किलोमीटरचे, नाजूकपणाचे आकडे थोडे वरखाली करा. प्रत्येक वेळी लाल राहतात त्या चौकोनांवर विश्वास ठेवायचा, बाकीच्यांवर जपून बोलायचं.

आणि हा धोका कुणाला, तेही लिहा. दक्षिण कोरियात सेमांगमला ३३ किलोमीटरचा समुद्री बांध २००६ मध्ये बंद झाला. तिथल्या चिखलावर ग्रेट नॉट नावाचे पाणपक्षी मोठ्या संख्येने उतरायचे, ऑस्ट्रेलियाहून सायबेरियाकडे जाता येता, पोट भरायला. पक्षी काय, बाजूच्या चिखलावर जातील असा हिशोब होता. तसं झालं नाही, आजूबाजूची संख्या तेवढी वाढली नाही आणि तिकडे ऑस्ट्रेलियातली कमी झाली. २०१५ मध्ये हा पक्षी आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत 'संकटग्रस्त' झाला. कारण फक्त हा एक बांध नाही, पिवळ्या समुद्राच्या काठचे चिखलपट्टे पन्नासेक वर्षांत जवळजवळ दोन तृतीयांश गेले होते. तुमचा एक चौकोन कुठल्या लांबच्या प्रवासातला थांबा असेल ते त्या चौकोनात बघून कळत नाही.

प्रश्न: आमचा ग्रुप खाडीलगतच्या मोकळ्या चिखलावर पाच हजार तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं, लावणार आहे. एक जण म्हणतोय लावू नका. झाडं लावण्यात वाईट काय?

उत्तर: तो एक जण बरोबर आहे, त्याला चहा पाजा. पहिली गोष्ट, चिखल मोकळा नसतो, बोटभर खाली उकरलंत तर किडे, शिंपले, खेकड्यांची बिळं. दुसरी म्हणजे तिथे तिवर स्वतःहून आलेलं नाही त्याला बहुतेक वेळा कारण असतं. तिवराला पाणी लागतं पण सतत नाही, ते सरासरी समुद्रपातळीच्या थोडं वरच वाढतं आणि मुळांशी पाणी साधारण तीसेक टक्के वेळच उभं असतं. फिलिपिन्समध्ये कितीतरी वर्षं आणि कितीतरी पैसा घालून खालच्या पातळीच्या चिखलावर, कुठे कुठे तर समुद्री गवतावर, रोपं लावली गेली आणि बहुतेक मेली, कारण झाडांच्या हक्काच्या वरच्या जागी मासे-कोळंबीची तळी होती आणि ती कुणी सोडत नव्हतं.

त्यापेक्षा हे करा. आधी जिथे तिवरं होती आणि आता वाळलीत अशी जागा शोधा. बांधाची उघाडी, म्हणजे पाणी आत-बाहेर करायचं दार, बंद झालीय का, रस्त्याखालची मोरी गाळाने भरलीय का बघा. पाणी आत यायची-जायची वाट मोकळी केली आणि जवळपास जुनी झाडं असली की बिया भरतीबरोबर आपसूक येतात, एक रोप लावावं लागत नाही. यात फोटो चांगले येत नाहीत एवढाच तोटा.

प्रश्न: रिस्क मॅप तयार झाला की लाल भागाला आधी संरक्षण द्यायचं ना? आमच्या कमिटीत यावरून वाद चाललाय.

उत्तर: नाही, म्हणजे आपोआप नाही. लाल म्हणजे 'इथे बघा', 'इथे पैसे टाका' नव्हे. काही लाल भाग हातातून गेलेलेच असतात, आणि काही हिरवे इतके एकमेव असतात की ते गेले तर बदली काहीच नाही. ऑस्ट्रेलियातल्या ग्रेट बॅरियर रीफचं, म्हणजे तिथल्या प्रवाळांच्या पट्ट्याचं बघा, २००४ मध्ये तिथली मासेमारीबंद जागा साडेचार टक्क्यांवरून तेहतीस टक्क्यांवर नेली. धोक्याच्या क्रमाने नाही केलं, आधी रीफचे ७० नैसर्गिक विभाग पाडले आणि प्रत्येकातला निदान २० टक्के भाग आत आलाच पाहिजे असं ठरवलं. मार्क्सॅनसारखं सॉफ्टवेअर कमीत कमी किमतीत उद्दिष्टं भागवणारे चौकोनांचे गट सुचवतं, तेही वापरलं, पण लोकांची ३१ हजारांवर निवेदनं आली आणि शेवटच्या रेषा माणसांनीच बसून हलवल्या.

किनाऱ्याला आणखी एक प्रश्न विचारावा लागतो जो जंगलात इतका येत नाही: मागे सरकायला जागा आहे का? समुद्र चढला की खारं गवत, तिवरं जमिनीकडे सरकतात. मागे भिंत असली की पुढून पाणी आणि मागून काँक्रीट, पट्टा चिणला जातो. म्हणून कधी कधी आज ज्यात काहीच नाही अशी मागची पडीक जमीन राखणं जास्त शहाणपणाचं. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर मेडमेरीला नवा बांध आत जमिनीत घालून २०१३ मध्ये जुना मुद्दाम फोडला, मधल्या शेतात आता भरती येते. कमिटीत हे सुचवायला हिंमत लागते, माहितीय मला.

प्रश्न: थोडेच पैसे आहेत. ड्रोन घेऊ की सॉफ्टवेअरचं ट्रेनिंग?

उत्तर: काठ्या घ्या. खुणा केलेल्या काठ्या चिखलात खोल रोवा आणि शेजारी फेल्डस्पार या खनिजाची पांढरी पूड पसरा. वर्षाने तिथल्या चिखलाचा छोटासा उभा तुकडा कापून काढला की पांढऱ्या रेघेवर किती गाळ साचला ते पट्टीने मोजता येतं. २००६ ते २०१८ मध्ये समुद्र जगभरात सरासरी वर्षाला ३.७ मिलीमीटर चढला, तुमचा गाळ त्याच्या पुढे आहे की मागे हे ड्रोन नाही सांगणार. प्रत्येक फोटोत तारीख आणि भरतीची वेळ लिहिलेली पाटी ठेवा. मी एकदा वेळ लिहायची विसरले होते, तीन वर्षांचे फोटो अजून तसेच पडलेत, चिखल उघडा दिसतो आणि ओहोटी किती खाली गेली होती हे कुणालाच सांगता येत नाही.