बुद्ध्यांक ८३ आला, पण चाचणी झाली कोणत्या भाषेत?

प्रश्न : मुलगा ९ वर्षांचा, चौथीत, इंग्रजी माध्यम. घरी मराठीच. वाचताना अडखळतो, पण तोंडी हिशेब पटापट करतो. शाळेच्या सांगण्यावरून बुद्ध्यांक चाचणी केली. तोंडी भाग ७२, कृतीचा ९४, एकूण ८३. ‘स्लो लर्नर आहे’ एवढंच सांगितलं. लगेच दुसरीकडे पुन्हा करून घ्यावी का?
– एक आई, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : लगेच नको. तीच चाचणी थोड्या दिवसांत पुन्हा दिली की ठोकळे ओळखीचे झालेले असतात. गुण सरावानं वाढतात आणि नवा आकडा जुन्यापेक्षाही कमी भरवशाचा ठरतो. साधारण वर्षभर जाऊ द्या.

आकड्यांवरून ही मालिन यांची भारतीय मुलांसाठीची चाचणी, म्हणजे ‘मिसिक’ दिसते. तिच्यात एकूण बुद्ध्यांक म्हणजे तोंडी आणि कृती या दोन भागांची सरासरी. गणित बरोबर आहे, पण मध्ये २२ गुणांची दरी असताना त्या सरासरीवरून मुलाला शिक्का मारणं आम्हाला पटत नाही. आणि ८३ म्हणजे बौद्धिक अक्षमता, हे आधी मनातून काढा. त्यासाठी बुद्ध्यांक ७० च्या आसपास किंवा खाली लागतो, शिवाय रोजच्या व्यवहारातही मूल मागे असावं लागतं.

आता विचारायचं ते हे : तोंडी भाग कोणत्या भाषेत घेतला? उत्तर माहीत असलेलं मूल इंग्रजीत वाक्य जुळवता येईना की ‘माहीत नाही’ म्हणून मोकळं होतं, तिथे शून्य पडतं. सलग काही प्रश्न चुकले की ती उपचाचणी थांबवायची असा नियम असतो. म्हणजे पुढचं येत असलेलं विचारलंच जात नाही. कृतीच्या भागात बोलावं लागत नाही, म्हणून तो सावरला असावा.

लेखी अहवाल मागून घ्या. त्यात प्रत्येक उपचाचणीचे गुण, वापरलेली भाषा, मुलाचं त्या दिवशीचं वागणं आणि मानसतज्ज्ञांचा आरसीआय (भारतीय पुनर्वसन परिषद) नोंदणी क्रमांक हवा. नुसत्या आकड्याचं एक पान म्हणजे अहवाल नव्हे. डोळे आणि कान तपासून घ्या. अंकस्मरणात (ऐकलेले आकडे परत सांगण्यात) कमी गुण पडण्यामागे कधी कधी कानातला मळ निघतो! मग रेव्हनची रंगीत आकृत्यांची चाचणी करता येईल : ३६ आकृत्या, बोलण्याचं काम जवळपास नाही. वाचनासाठी बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेची अध्ययन अक्षमतेची (बुद्धी ठीक असूनही वाचन, लेखन, गणित जड जातं, त्याची) चाचणीमाला वेगळी असते. तिला जाताना मराठी आणि इंग्रजी दोन्ही वह्या न्या, दुरुस्त न केलेल्या.

हे सगळं एवढ्यासाठी, की केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अध्ययन अक्षमतेच्या प्रमाणपत्राआधी बुद्ध्यांक ८५ च्या वर लागत असे. २०२४ मध्ये नव्या सूचना आल्या, म्हणून आजची अट तपासणीच्या ठिकाणी विचारून घ्या. अशी अट असली की भाषेपायी ८३ वर अडकलेलं मूल पुढच्या तपासणीपर्यंत पोहोचतच नाही, आणि परीक्षेतला जादा वेळ, लेखनिक हेही हुकतं. प्रमाणपत्राचा अर्ज यूडीआयडी या दिव्यांग ओळखपत्राच्या सरकारी पोर्टलवर करायचा. तपासणीचा वार सीपीआर या कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात आधी विचारून मगच शाळा बुडवा.

प्रश्न : वय ३१, गोकुळ शिरगावला शिफ्टमध्ये काम. लक्ष टिकत नाही, वस्तू हरवतात. मोबाइलवरच्या चाचणीत एडीएचडी (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता यांचा विकार) आलं. खरं मानू?
– एक वाचक

उत्तर : ती बहुधा १८ प्रश्नांची प्रश्नावली असेल. ती फक्त चाळणी, निदान नव्हे. निदानासाठी लक्षणं १२ वर्षांच्या आधीपासून असावी लागतात, आणि घर, काम अशा किमान दोन ठिकाणी दिसावी लागतात. म्हणून मनोविकारतज्ज्ञांकडे जाताना शाळेची जुनी प्रगतिपुस्तकं आणि लहानपण पाहिलेलं कुणीतरी, आई किंवा थोरली बहीण, सोबत असू द्या. रात्रपाळी संपवून थेट जाऊ नका. अपुरी झोप, थायरॉइड, नैराश्य, दारू यांतही लक्ष असंच उडतं, म्हणून डॉक्टर आधी हे तपासतील.

प्रश्न : नात दीड वर्षाची. नावानं हाक मारली तरी बघत नाही, बोटानं काही दाखवत नाही. ‘तिचा बापही उशिराच बोलला’ म्हणून थांबावं का?
– आजोबा, कागल

उत्तर : थांबू नका. आधी बेरा ही श्रवण तपासणी, ती बाळ झोपलेलं असताना होते. सोबत बालरोगतज्ज्ञांकडून एम-चॅट ही स्वमग्नतेची (ऑटिझमची) शक्यता चाळून पाहणारी प्रश्नावली भरून घ्या : २० प्रश्न, १६ ते ३० महिन्यांच्या बाळांसाठी. उत्तरं सुनेनं आणि तुम्ही वेगवेगळी द्या. एकत्र बसलात की ‘बघते की कधीकधी’ असं होऊन जातं.