वाचकांचे प्रश्न : जर्मनीत लग्न, सोलापुरात कागदपत्रं

प्रश्न : मी म्युनिकमध्ये ब्लू कार्डवर (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना मिळणारा रहिवास परवाना) नोकरी करतो. माझा जोडीदार जुळे सोलापुरात राहतो. आम्हाला जर्मनीत लग्न करायचं आहे. कागद कोणते लागतील? त्याच्या घरी अजून काही माहीत नाही.

उत्तर : कायदा तुमच्या बाजूने आहे. 1 ऑक्टोबर 2017 पासून जर्मनीत दोन पुरुषांना किंवा दोन स्त्रियांना इतरांसारखंच लग्न करता येतं. त्यासाठी जर्मन नागरिक असावं लागत नाही. परदेशी माणसाकडून एरवी 'लग्नाला कायदेशीर अडचण नाही' असा मायदेशाचा दाखला मागतात. पण ज्या देशात समलिंगी लग्न होऊच शकत नाही, तिथल्या नागरिकांना अशा लग्नासाठी जर्मन नागरी संहितेच्या कलम 1309 ने यातून सूट दिली आहे. श्टान्डेसआम्टमध्ये, म्हणजे विवाह नोंदणी कार्यालयात, कुणी तो दाखला मागितलाच तर हे कलम दाखवा.

गाडी अडते ती कागदांच्या पडताळणीत. भारताचं अपोस्टील, म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशासाठीचा सरकारी शिक्का, जर्मनी मानत नाही. जन्मदाखला आणि अविवाहित असल्याचे कागद खरे आहेत का, हे श्टान्डेसआम्ट मुंबईतल्या जर्मन वाणिज्य दूतावासामार्फत तपासून घेऊ शकतं. खर्च तुमचा, आणि वेळ महिन्यांच्या हिशेबात. दूतावासाने तपासणीसाठी नेमलेला वकील महापालिकेतली नोंद पाहतो, शाळेत विचारतो, आणि शेजारी-नातेवाइकांकडेही चौकशी करू शकतो. सोसायटीत अनोळखी माणूस 'याचं लग्न झालंय का?' असं विचारून गेला, की संध्याकाळपर्यंत खालपासून वरपर्यंत चर्चा होते. तुमच्यासाठी सगळ्यात मोठा धोका हाच आहे. म्हणून एकही कागद जमा करण्याआधी श्टान्डेसआम्टला लेखी विचारा : आमच्या प्रकरणात पडताळणी लागणार का, कोणत्या कागदांची, आणि अविवाहित असल्याचं प्रतिज्ञापत्र स्वतःचं चालेल की आईवडिलांचं हवं? याची उत्तरं कार्यालयागणिक बदलतात.

जन्मदाखला आजच काढून बघा. जुन्या नोंदीत बाळाचं नाव कोरं असतं, फक्त आईवडिलांची नावं असतात. तसं असेल तर महापालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात नाव नोंदवून मराठी-इंग्रजी दाखला नव्याने घ्या. सोलापुरात तेलुगू आणि कन्नड आडनावांची इंग्रजी स्पेलिंगं शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक आणि पासपोर्टवर दुसरीच, असं सर्रास होतं. ही दुरुस्ती कागद पाठवण्याआधी व्हायला हवी. पडताळणी सुरू झाल्यावर चूक सापडली तर सगळं पहिल्यापासून करावं लागतं. भाषांतर जर्मनीतल्या शपथबद्ध भाषांतरकाराकडूनच करून घ्या. श्टान्डेसआम्टने हिरवा कंदील दाखवल्यावर 6 महिन्यांत लग्न व्हावं लागतं, तेव्हा जोडीदाराच्या व्हिसाची तारीख त्याच हिशेबाने धरा. तुम्ही ब्लू कार्डवर असल्यामुळे त्याला जर्मन भाषेची ए-1 (पहिल्या पातळीची) परीक्षा सक्तीची नाही.

पडताळणी टाळायची म्हणून बरीच जोडपी डेन्मार्कमध्ये लग्न करतात. तिथे समलिंगी लग्न 2012 पासून कायदेशीर आहे, कागदही कमी लागतात आणि ते लग्न जर्मनीत मानलं जातं. पण जोडीदार शेंगेन पर्यटक व्हिसावर आला आणि लग्न उरकून म्युनिकमध्येच राहू लागला, असं सहसा चालत नाही. परत येऊन मुंबईतून पती-पत्नीसाठीचा राष्ट्रीय व्हिसा काढायला सांगितलं जाऊ शकतं. त्या परतीची तयारी ठेवूनच निघा.

भारतात मात्र या लग्नाला मान्यता नाही. सर्वोच्च न्यायालयाने 17 ऑक्टोबर 2023 रोजी ती द्यायला नकार दिला. हा निकाल अन्यायकारक आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे. पण आज व्यवहार त्याच चौकटीत करावा लागतो. सोलापुरात फ्लॅट किंवा ठेवी असतील तर दोघांनीही मृत्युपत्र करून ते नोंदवा. संयुक्त बँक खातं उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला आडकाठी नाही, हे केंद्रीय अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट 2024 मध्ये स्पष्ट केलं आहे. तरी नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. मृत्युपत्राला पर्याय नाही.

प्रश्न : मुलगी लाइपझिगला शिकायला चालली आहे. तिला मुली आवडतात, हे तिने आम्हाला सांगितलं आहे. तिथे लोक त्रास देतात का? घर मिळेल का? (एक आई, होटगी रोड)

उत्तर : ताई, ती तुमच्याशी बोलली आणि तुम्ही तिच्यासाठी विचारताय, याचा आम्हाला मनापासून आनंद आहे. युरोपीय संघाच्या 2019 च्या युरोबॅरोमीटर जनमत पाहणीत जर्मनीत दहापैकी आठांहून जास्त लोक समलिंगी लग्नाच्या बाजूने होते. तरी सगळीकडे सारखं वातावरण नाही. लाइपझिग मोकळं शहर आहे, पण त्याच झाक्सन राज्यातल्या बाउत्सेनमध्ये ऑगस्ट 2024 मध्ये समलिंगींच्या मोर्चासमोर शेकडो अतिउजवे घोषणा देत उभे होते. मोर्चाला जायचं तर घोळक्याने जावं आणि परतीच्या रेल्वेत झेंडा, बिल्ले पिशवीत ठेवावेत. असं सांगावं लागतं याचं वाईट वाटतं, पण मोर्चाला जाता-येताना हल्ले झालेले आहेत.

घराबाबत भेदभावविरोधी कायदा 2006 पासून आहे, पण त्यात एक पळवाट आहे. 50 पेक्षा जास्त घरं भाड्याने न देणाऱ्या मालकाला लैंगिक कलाच्या बाबतीत हा कायदा सहसा लागू होत नाही. म्हणून विद्यार्थी वसतिगृहासाठी अर्ज प्रवेश पक्का होताच करा. नोकरीत भेदभाव झाला तर भरपाईची मागणी 2 महिन्यांत लेखी करावी लागते. मुदत गेली की पुरावा कितीही चांगला असो, हक्क जातो. भेदभावविरोधी संघराज्य कार्यालय मोफत सल्ला देतं.

प्रश्न : मी ट्रान्स आहे, जर्मनीत शिकते. तिथे नाव आणि लिंगनोंद बदलता येईल का? (मूळ सोलापूर)

उत्तर : 1 नोव्हेंबर 2024 पासून लागू झालेल्या कायद्यानंतर डॉक्टरांचा दाखला किंवा न्यायालयाचा आदेश लागत नाही. वाढवता येणारा रहिवास परवाना असला तर परदेशी नागरिकालाही हे करता येतं. आधी श्टान्डेसआम्टला सूचना द्यायची, 3 महिने थांबायचं, मग स्वतः हजर राहून घोषणा करायची. सूचनेपासून 6 महिने उलटले तर ती रद्द होते. पुढचा बदल वर्षभर करता येत नाही. भारतीय पासपोर्ट यामुळे आपोआप बदलत नाही. तो बदलेपर्यंत विमानाचं तिकीट पासपोर्टवरच्या नावानेच काढा.

प्रश्न : आम्हा दोघी बायकांचं जर्मनीत लग्न झालं आहे. बाळ झालं तर आई म्हणून दोघींचीही नावं लागतील का?

उत्तर : आपोआप नाही. जन्म देणारीचंच नाव लागतं. दुसरीला सावत्र मूल दत्तक घेण्याची प्रक्रिया करावी लागते. बाळंतपणाआधीच कुटुंब कायद्याच्या वकिलाला भेटा आणि ती पूर्ण होईपर्यंत दवाखाना, पाळणाघर यांसाठी जन्मदात्या आईचं मुखत्यारपत्र हाताशी ठेवा.