नाशिकहून एका दिवसात धबधब्याच्या माथ्यावर चढून जाता येईल का?

येईल. पण तुम्ही लिहिलंय की ऑफिसचे सहा जण आहात, त्यातले दोघे आयुष्यात पहिल्यांदाच डोंगर चढणार आहेत, ऑगस्टमधला रविवार धरलाय आणि धबधबा खालून नाही, वरून बघायचाय. यातल्या ऑगस्टला आणि रविवारला माझी हरकत आहे. त्याकडे येतोच.

आधी जागा. दुगारवाडीचं नाव तुम्हाला एव्हाना दहा जणांनी सुचवलं असेल. त्र्यंबकच्या पुढे, जव्हार रस्त्याला, सापगावजवळ. धबधबा देखणा आहे, वादच नाही. पण तिथे आधी दरीत उतरायचं, ओढा ओलांडायचा आणि मग पायथ्याशी पोचायचं. म्हणजे चढ येतो तो दमल्यावर, आणि परतीच्या वाटेत पाणी आडवं. २०२२ च्या ऑगस्टमध्ये असंच पाणी वाढून वीसहून जास्त लोक पलीकडे अडकले होते आणि एक जण वाहून गेला. नवख्यांना घेऊन मी तिथे पावसात जाणार नाही. दुसरं नाव येतं त्र्यंबकजवळच्या पहिन्याच्या धबधब्याचं, पण तिथे रविवारी धबधब्यापेक्षा गाड्याच जास्त दिसतात.

तुम्हाला माथा हवाय ना, मग अंजनेरी. हा काही एक नाव असलेला धबधबा नव्हे. पावसाळ्यात या डोंगराच्या कड्यांवरून जागोजागी धारा सुटतात आणि तुम्ही त्यांच्या उगमापाशी, वरच्या पठारावर चालत असता. नाशिकपासून वीसेक किलोमीटर. त्र्यंबकच्या बसने अंजनेरी फाट्याला उतरायचं आणि गावातून डोंगराकडे चालू लागायचं. गावात यादवकाळातल्या देवळांचे अवशेष आहेत, ते येताना बघा; जाताना थांबलात तर ऊन चढेल.

वाट सोपी आहे. एका घळीतून दगडी पायऱ्या वर जातात. पाऊस चांगला झालेला असेल तर पायऱ्यांवरूनच पाणी वाहत असतं आणि त्यातून चढताना पोरंच काय, मोठी माणसंही खिदळतात. मध्येच कातळात कोरलेलं जैन लेणं लागतं. घळ संपली की एकदम मोकळं पठार आणि पुढे अंजनीमातेचं देऊळ. मारुतीचा जन्म इथला की किष्किंधेचा, या वादात मी पडत नाही. देवळापुढे वाट फुटते. एक तळ्याकडे आणि सीता गुंफेकडे जाते, दुसरी आणखी एक टप्पा चढून वरच्या पठारावर, अंजनीमातेच्या दुसऱ्या देवळाकडे. डोंगराची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे चार हजार दोनशे फूट. रमतगमत गेलात तर वरच्या देवळापर्यंत अडीच-तीन तास. राघोबादादा उन्हाळ्यात इथे हवा खायला येऊन राहत, ते का, हे वर पोचल्यावर कळतं.

आता माथ्याबद्दल. कड्याच्या तोंडाशी उभं राहून धबधबा दिसतच नाही. दिसते ती फक्त पाणी संपतं ती रेघ, आणि त्यापलीकडे धुकं. म्हणूनच लोक आणखी एक पाऊल पुढे टाकतात, नेमकं तिथेच शेवाळ असतं. धार बघायची तर तिच्या तोंडाशी जायचं नाही. पठाराच्या कडेने, कड्यापासून चांगलं आत राहून, शेजारच्या सोंडेवर जायचं आणि तिथून वळून बघायचं. अख्खी धार समोर दिसते. वारा दरीतून उसळला की बारीक धारा खाली पडतच नाहीत, उलट्या वर उडतात. तो खेळ बघत तासभर सहज जातो.

पठारावरच्या ओढ्याचं वागणं मात्र समजून घ्या. वर माती नावापुरती, खाली अखंड काळा कातळ. पाणी मुरायला जागाच नाही, त्यामुळे सर आली की सगळं पाणी एकदम ओढ्यात उतरतं. आणि ही सर तुमच्या डोक्यावरच पडेल असं नाही. नाशिकला कोरडं ठणठणीत आणि त्र्यंबकला धो धो, हे आपण नेहमी बघतो. डोंगरावरही एका टोकाला ऊन आणि दुसऱ्या टोकाला पाऊस असतो.

पाच-सहा वर्षांपूर्वी जुलैत मी आणि माझा मेहुणा अशाच एका ओढ्यात पाय सोडून बसलो होतो, कड्यापासून बरंच आत. पाऊस नव्हता. लांबून गुरं राखणारे एक बाबा ओरडले, "उठा तिथनं! पाणी लाल व्हाया लागलंय." मेहुणा म्हणतो, कुठे लाल? नीट बघितलं तर नितळ पाण्यात तांबूस चहासारखी झाक आली होती आणि चार काटक्या वाहत येत होत्या. काठावर येऊन बूट घालेपर्यंत, ज्या दगडावर डबा ठेवला होता तो दगडच दिसेना. डब्यात बायकोने दिलेली थालीपिठं होती. मेहुण्याला त्या दिवसातलं अजून तेवढंच आठवतं. मी मात्र तेव्हापासून वर गेलो की पाण्याच्या रंगाकडे बघत असतो. रंग बदलला, काड्या-पाचोळा आला किंवा आवाज जड झाला, की उठायचं. ओढा ओलांडून पलीकडे गेला असाल आणि पाणी वाढलं तर दोर-बीर लावून मर्दुमकी करायची नाही, ओसरेपर्यंत तिथेच बसायचं. जसं पटकन चढतं तसं पाऊस थांबल्यावर उतरतंही.

म्हणून ऑगस्ट नको. गणपती उठल्यानंतरचे पंधरा दिवस धरा. धारा बारीक झालेल्या असतात, पण आटलेल्या नसतात, आणि पठारावर सोनकी पिवळीधम्मक फुललेली असते. कंदीलपुष्पाची एक जात तर या डोंगराच्याच नावाने ओळखली जाते, सेरोपेजिया अंजनेरिका. इवलंसं झाड आहे, शोधायच्या नादात तुडवू नका. याच वनस्पतींमुळे आणि कड्यांवरच्या गिधाडांमुळे हा डोंगर संवर्धन राखीव क्षेत्र झालाय. वरपर्यंत गाडीरस्ता न्यायची टूम निघाली होती तेव्हा नाशिककरांनी आरडाओरडा केला, तो याचसाठी.

रविवारी गर्दी होते म्हणून रजा काढता आली तर शुक्रवार बघा. आणि ऑगस्टच हवा असा हट्टच असेल तर निदान तिसरा श्रावणी सोमवार आणि त्याच्या आदला दिवस टाळा. ब्रह्मगिरीच्या फेरीला लोटलेल्या माणसांनी त्र्यंबक रस्ता भरलेला असतो. अतिवृष्टीचा इशारा असला की वन विभाग डोंगर बंदही ठेवतो, तेव्हा आदल्या संध्याकाळी पेपर बघून घ्या.

सकाळी सहाला नाशिक सोडा. मिसळ येताना खा, जाताना नको, पायऱ्यांवर बाधते. छत्री वाऱ्याने उलटी होते, रेनकोटच हवा. बुटांचा तळ खाचांचा असू द्या. गुळगुळीत तळाचे असतील तर पायऱ्यांवर चपलांपेक्षा वाईट. तुमचे ते दोघे नवखे पहिल्या देवळापाशी थकले तर त्यांना तिथेच थांबवू नका, एखाद्याने सोबत परत उतरावं. धुकं आलं की दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही. दुपारी दोनला, जिथे असाल तिथून उतरायला लागा. आणि खायचं काही हातात दिसेल असं धरू नका, घळीतली माकडं पिशवीसकट नेतात.