बॅकअप सॉफ्टवेअर निवडताना आधी रिस्टोर (बॅकअपमधून डेटा परत आणणे) तपासा

कोणते बॅकअप सॉफ्टवेअर घ्यावे हे विचारताना तुम्ही वीम, कॉमव्हॉल्ट आणि नेटबॅकअप या तीन सॉफ्टवेअरच्या वैशिष्ट्यांचा तक्ता मांडला आहे, पण माझ्या मते तो बाजूला ठेवून आधी दोन प्रश्नांची उत्तरे विभागप्रमुखांकडून लेखी घ्यावीत: किती वेळाचा डेटा गेला तर चालेल, आणि काम किती तासांत पुन्हा सुरू झाले पाहिजे. १० टेराबाइट डेटा सेकंदाला १ गिगाबिटच्या जोडणीवरून पूर्ण वेगाने आणला तरी २२ तास लागतात. त्यामुळे ४ तासांत काम सुरू हवे असेल, तर बॅकअपच्या साठ्यावरूनच व्हर्च्युअल मशीन (सॉफ्टवेअरने उभा केलेला संगणक) थेट चालू करण्याची सोय पाहावी लागते.

आमच्याकडे रोजचा अहवाल कित्येक महिने हिरवा दिसत होता, पण सर्व्हर बंद पडला तेव्हा कळले की बॅकअप उघडण्याचा पासवर्ड त्याच सर्व्हरवर ठेवलेला होता; ती रात्र मी विसरलेलो नाही. म्हणून चाचणी परवाना घेऊन तुमचा सर्वांत मोठा डेटाबेस रिकाम्या मशीनवर रिस्टोर करा आणि लागलेला वेळ नोंदवा. रॅन्समवेअर (डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारे सॉफ्टवेअर) चालवणारे बॅकअपही शोधून पुसतात, त्यामुळे ठरावीक मुदतीपर्यंत प्रशासकालाही पुसता येणार नाही अशी एक प्रत हवीच. परवान्याचे पैसे कोणी टेराबाइटवर, तर कोणी मशीनच्या संख्येवर लावते. दर मागवताना तीन वर्षांची डेटावाढ धरा.