वाचकांचे प्रश्न: लीग म्हणजे आंब्याचा हंगाम

प्रश्न : मुलगा सतरा वर्षांचा, उंची सहा फूट दोन इंच. बास्केटबॉलच्या जिल्हा संघात सेंटर, म्हणजे रिंगखालचा उंच खेळाडू, म्हणून खेळतो. बारावीनंतर बास्केटबॉलच्या लीगमध्ये खेळून कमावणार म्हणतो. त्याचे काका म्हणतात, एवढी उंची आहे तर कबड्डी खेळ, तिथे निदान पैसा आहे. काय करावं?
– एक वडील, दापोली

उत्तर : भाऊ, तुमचा प्रश्न वाचताना माझे वडील आठवले. कुडाळजवळच्या आमच्या घराच्या खळ्यात मी चेंडू घेऊन बसलो की ते पडवीतून विचारायचे, "बॉल आपटून पोट भरतला काय रे तुजा?" पुढे सोळा वर्षं मी त्यावर पोट भरलं. पण लीगवर नाही, नोकरीवर.

लीगचा हिशोब तुम्हाला सांगायला नको, तुमच्याकडे हापूसची कलमं असतीलच. यूबीए ही बास्केटबॉलची लीग 2015 मध्ये सुरू झाली. पुणे पेशवाज, मुंबई चॅलेंजर्स असे संघ होते. चार हंगाम झाले आणि 2017 नंतर सगळं शांत. आयएनबीएल या दुसऱ्या लीगचा पाच-पाच खेळाडूंचा पहिला हंगाम ऑक्टोबर 2022 ते जानेवारी 2023 असा चालला. सहा संघ, त्यात मुंबई टायटन्स एक. म्हणजे पीक आलं तर बरं, मोहोर गळला तर वर्षभर काय खाणार? मी स्वतः एका लीगमध्ये खेळलो, नाव घेत नाही. शेवटचा हप्ता अजून यायचाय.

देशातले बहुतेक चांगले खेळाडू पगारावर असतात ते रेल्वे, सेनादल, ओएनजीसी, इंडियन ओव्हरसीज बँक असल्या ठिकाणी. लीग आली की तिथून सुट्टी काढून खेळायचं. मला तेविसाव्या वर्षी क्रीडा कोट्यातून नोकरी लागली आणि सव्विसाव्या वर्षी उजव्या गुडघ्याची एसीएल, म्हणजे सांधा धरून ठेवणारी आतली दोरी, तुटली. नऊ महिने मैदान बंद. पगार चालू होता. त्याच वर्षी माझ्याबरोबरचा एक जण नुसत्या लीगच्या भरवशावर होता. त्याचाही गुडघा गेला, तो आता मामाच्या काजूच्या कारखान्यात हिशोब लिहितो.

म्हणून बारावी सोडू देऊ नका आणि प्रमाणपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात वरच्या फळीवर ठेवा. आमच्याकडे पावसात कागदाला बुरशी येते, माझी दोन गेली. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, पण प्रमाणपत्राची पडताळणी होते आणि स्पर्धा मान्यताप्राप्त संघटनेची लागते. गावच्या प्रकाशझोतातल्या स्पर्धेत 'पाहुणा' म्हणून खेळून मिळालेली रोख रक्कम चपलांना पुरते, अर्जाला नाही.

आता खेळाचं. मुलगा सेंटर खेळतो, कारण जिल्ह्यात त्याच्याएवढा उंच दुसरा नसेल. मीही तसाच होतो. वर गेलात की सहा फूट दोन इंच ही गार्डची, म्हणजे बाहेरून चेंडू खेळवणाऱ्याची उंची. अमेरिकेच्या एनबीए लीगमधल्या डॅलस संघाने 2015 च्या निवडीत घेतलेला आपला सतनाम सिंग सात फुटांच्या वर होता. तेव्हा रिंगखाली उभं राहून चेंडू ढकलणं आजपासून बंद करा. डावा हात तयार हवा आणि 6.75 मीटरवरून, म्हणजे तीन गुणांच्या रेषेवरून, नेम हवा. मला हे मुंबईत नागपाड्याला कळलं. तिथल्या पोरांनी पहिल्या पाच मिनिटांत माझ्या हातून चार वेळा चेंडू काढून घेतला, आणि माझे सगळे शॉट तोकडे पडत होते. गावी येऊन टेप लावली, तर आमच्या शाळेची रिंग पावणेदहा फुटांवर! नियमाने 3.05 मीटर, म्हणजे दहा फूट. दर पावसाळ्यानंतर मैदानात जांभ्याची भर टाकायची, जमीन वर आली, खांब तिथेच राहिला. तुमच्या मुलाची रिंग आधी मोजा.

पावसाळ्याचे चार महिने फुकट घालवू नका. मी देवळाच्या सभामंडपात ड्रिबल करायचो, गुरवाने हाकलेपर्यंत. मग बंद पडलेल्या भातगिरणीच्या ओट्यावर. शेवाळावर मात्र अजिबात नको, माझं मनगट तिथेच मोडलं.

आणि बारा पोरं जमत नसतील तर तीन-तीनचा खेळ आहे. अर्धं मैदान, दहा मिनिटं किंवा एकवीस गुण, बारा सेकंदांत शॉट. टोकियो ऑलिंपिकपासून तो ऑलिंपिकमध्येही आहे. चार जणांत संघ होतो, एसटीच्या दोन बाकांवर मावतो.

काकांना माझा नमस्कार सांगा. त्यांचा मुद्दा खोटा नाही, प्रो कबड्डी 2014 पासून टिकून आहे. पण मुलाला चढाईची आवड नसेल तर उंची बघून खेळ लादू नये. उंची काय, माडालाही असते.

प्रश्न : मी चौदा वर्षांची आहे. कोणता चेंडू घेऊ? दुकानदार सात नंबर देतो.
– एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : सात नंबर पुरुषांचा. तू सहा नंबर माग, आणि रबराचाच. चामड्याचा जांभ्याच्या मैदानावर महिन्यात सोलून निघतो. समुद्राकाठी हवा लवकर उतरलीशी वाटली तर आधी सुई तपास, पंपवाल्याशी भांडू नकोस.