गाळणे, छाननी की पडताळणी?

प्रश्न असा: वेबसाइटसाठी वापरल्या जाणाऱ्या पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेवरच्या एका मराठी टिपणात फिल्टर, व्हॅलिडेट आणि सॅनिटाइझ या तिन्हींसाठी ‘गाळणे’ हा एकच शब्द वापरला आहे. तो चालेल का?

सॅनिटाइझला (नको ती अक्षरं काढून टाकणं) चालेल, व्हॅलिडेटला (मजकूर नियमात बसतो का ते पाहणं) मुळीच नाही. गोंधळाचं मूळ मात्र पीएचपीतच आहे. ५.२ या आवृत्तीपासून भाषेसोबत येणारं फिल्टर_व्हॅर हे एकच फंक्शन दोन्ही कामं करतं. कोणतं करायचं ते दुसऱ्या आर्ग्युमेंटवर, म्हणजे फंक्शनला दिलेल्या दुसऱ्या मूल्यावर ठरतं; पुढे येणारी फिल्टर_सॅनिटाइझ, फिल्टर_व्हॅलिडेट अशी नावं तिथेच द्यायची. म्हणून ‘फिल्टर’ हा शब्द तसाच ठेवावा आणि उरलेल्या दोघांना वेगळी नावं द्यावीत.

(पुढच्या उदाहरणांतले आकडे इथे मराठीत दिसत असले, तरी फॉर्ममध्ये ते इंग्रजी अंकांत टाइप केले आहेत असं धरा. मराठी अंकांचं काय होतं ते शेवटी पाहू.)

रकमेच्या रकान्यात कुणी १२५.५० लिहिलं. त्यावर फिल्टर_सॅनिटाइझ_नंबर_इंट लावलं, तर अंक आणि अधिक-उणे चिन्हं सोडून बाकी सगळं जातं. टिंब जातं, हाती १२५५० उरतात आणि तक्रार काहीच येत नाही. शंभरपट रक्कम बिनबोभाट पुढे जाते. मराठीत ‘गाळणे’चा दुसरा अर्थ वगळणे असा आहे, ‘गाळलेल्या जागा भरा’मधला. सॅनिटाइझ नेमकं तेच करतं, फक्त जागा कुठे गाळली ते दाखवत नाही. त्यामुळे इथे ‘गाळणे’ अगदी चपखल आहे. ‘निर्जंतुकीकरण’ मात्र नको. गाळलेला डेटा सुरक्षित झाला, असा खोटा भरवसा त्यातून मिळतो.

त्याच रकमेवर फिल्टर_व्हॅलिडेट_इंट लावलं तर उत्तर येतं फॉल्स, म्हणजे ‘खोटं’. (पैशांसह रक्कम हवी असेल तर फिल्टर_व्हॅलिडेट_फ्लोट लावायचं.) याला मी ‘छाननी’ म्हणेन. उमेदवारी अर्जांच्या छाननीत अधिकारी अर्ज वैध ठरवतो किंवा अवैध. उमेदवाराची राहिलेली सही तो स्वतः ठोकत नाही. गंमत म्हणजे ‘छाननी’ही मुळात चाळण्या-गाळण्याच्याच कुळातली, हिंदीतल्या ‘छानना’ची नातलग. पण आज तिचा अर्थ निकाल देणे असा पक्का झाला आहे. अगदी काटेकोर बोलायचं तर व्हॅलिडेट_इंटही थोडी झाडपूस करतं: आजूबाजूच्या मोकळ्या जागा सोडून देतं आणि मजकुराचा पूर्णांक करून परत देतं.

या छाननीत दोन ठिकाणी हमखास ठेच लागते. ‘अपत्यांची संख्या’ या रकान्यात ० आला तर तो वैध असतो आणि फंक्शनही शून्यच परत देतं. पण साध्या इफमध्ये (अट तपासणाऱ्या ओळीत) शून्य म्हणजे खोटं, म्हणून अर्ज नाकारला जातो. तुलना तीन बरोबरीच्या चिन्हांनी, थेट फॉल्सशीच करायची. दुसरं, पुण्याचा एसटीडी कोड ०२० अवैध ठरतो, कारण पूर्णांकाच्या सुरुवातीला शून्य चालत नाही. एसटीडी कोड ही संख्याच नव्हे, ती खूण आहे. तिथे मजकूर ठरलेल्या साच्याशी जुळतो का ते पाहणारं फिल्टर_व्हॅलिडेट_रेगेक्सप वापरावं.

मग ‘पडताळणी’? जात पडताळणीत कागद नोंदींशी ताडून पाहतात. फिल्टर_व्हॅलिडेट_ईमेल फक्त पत्त्याची घडण पाहतं. त्या पत्त्यावर पेटी आहे का, हे त्याला ठाऊक नसतं. ओटीपी पाठवून खात्री करणं, म्हणजे व्हेरिफाय, ही खरी पडताळणी. व्हॅलिडेटला ‘पडताळणी’ म्हटलं की व्हेरिफायला शब्दच उरत नाही.

‘एस्केप’ला (खास चिन्हांच्या जागी निरुपद्रवी संकेत घालणं) प्रतिशब्द शोधत बसू नये, पण ते गाळणं नव्हे हे टिपणात जरूर सांगावं. फिल्टर_सॅनिटाइझ_स्ट्रिंगने ही दोन कामं एकत्र कालवली होती. टॅग तर ते काढायचंच, पण वसईच्या डि'सोझांच्या आडनावातल्या अवतरणचिन्हाचाही पाच अक्षरी एचटीएमएल संकेत करून टाकायचं. डेटाबेसमध्ये तोच संकेत साठायचा, दाखवताना एचटीएमएलस्पेशलकॅर्स पुन्हा एस्केप करायचं आणि पडद्यावर आडनावात अँपरसँड नि हॅश उगवायचे. ८.१ या आवृत्तीत ते कालबाह्य ठरवलं, ते बरंच झालं. एस्केप दाखवतानाच करावं. एसक्यूएलसाठी, म्हणजे डेटाबेसला द्यायच्या आज्ञांसाठी, प्रीपेअर्ड स्टेटमेंट (आज्ञा आणि डेटा वेगवेगळे देण्याची पद्धत) वापरावं.

आता मराठी अंक. वय ‘४२’ असं देवनागरीत आलं तर छाननी फॉल्स म्हणते आणि गाळणी अख्खं वयच गाळून रिकामी स्ट्रिंग (अक्षरांची माळ) देते. म्हणून आधी एसटीआरटीआर फंक्शनने अंक बदलून घ्यावेत. त्याला ॲरे (कोणत्या अंकाच्या जागी कोणता, अशा जोड्यांची यादी) द्यावा, दोन स्ट्रिंग देऊ नयेत: यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरी अंक तीन बाइटचा असतो आणि दोन स्ट्रिंगचा प्रकार बाइटला बाइट बदलतो, म्हणून कचरा हाती येतो. या पायरीला ‘लिप्यंतर’ म्हणावं. किंमत तीच राहते, फक्त लिपी बदलते, म्हणून हे गाळणंही नाही आणि छाननीही नाही.